तुमचे प्रश्न : क्यूच्या रेषा काळ्या कशा कराव्यात?

प्रश्न : ॲश लाकडाचा जुना स्नूकर क्यू (चेंडू मारायची लांब काठी) घेतला आहे. शाफ्टवरच्या (काठीच्या निमुळत्या भागावरच्या) बाणासारख्या रेषा फिकट पडल्यात आणि बोटाला खरखरीत लागतात. क्लबात कोणी बूटपॉलिश सुचवतं, कोणी काळी शाई. काय करावं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोन्ही नको. बूटपॉलिशमधलं मेण कडक होत नाही. ते हाताला, शर्टाला लागत राहतं आणि वरून दिलेलं तेलही धरू देत नाही. शाई खाचेत थांबतच नाही, बाजूच्या लाकडात पसरते आणि सगळा शाफ्ट करडा होतो. ॲशच्या प्रत्येक वर्षाच्या वाढीत सुरुवातीच्या लाकडाला मोठी छिद्रं असतात, त्याच या रेषा. रंग छिद्रांत बसायला हवा आणि उरलेलं लाकूड गोरं राहायला हवं.

क्यूवर लॅकर (चकचकीत वार्निशसारखा थर) असेल तर आधी ते काढावं लागेल, कारण त्याखाली छिद्रं बुजलेली असतात. पितळी फेरूलवर (टोकाच्या टिपेखालच्या कड्यावर) आणि बटाच्या, म्हणजे मुठीकडच्या जाड एबनी भागाच्या, कडेवर मास्किंग टेप लावा. पितळेचा किंवा एबनीचा कीस ॲशच्या छिद्रांत गेला की निघता निघत नाही. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने हलका हात फिरवा आणि क्यू सतत फिरवत राहा, नाहीतर एक बाजू चपटी होते. टिपेकडचा व्यास ९ ते १० मिलिमीटरच असतो. तिथे घासाघाशी केली तर फेरूलची कड बोटाला लागायला लागते. मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने खाचांतला खडू आणि घामाचा मळ काढा.

आता चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्या : तयार चपडी पॉलिश एक भाग, स्पिरिट तीन भाग. मिरजेत तंबोऱ्यांना पॉलिश करणाऱ्या कुणाची ओळख असेल तर चांगली चपडी तिथेच विचारा. या हाताने वरचं लाकूड बंद होतं, खोल छिद्रं उघडी राहतात. तासाभराने ४०० नंबरचा पेपर नुसता टेकवल्यासारखा फिरवा. बहुतेक जण चपडीची हीच पायरी गाळतात, आणि क्यू मळकट होतो तो इथेच.

छिद्रांत भरायच्या लगद्यासाठी, म्हणजे भरणीसाठी, व्हायटिंग पावडर (खडूची बारीक भुकटी) दोन चहाचे चमचे, काळा ऑक्साइड (फरशीसाठी मिळतो तोच) दोन चमचे, डबल बॉइल्ड जवसाचं तेल सुमारे एक चमचा. घोटून थेंब थेंब टर्पेंटाइन घाला आणि श्रीखंडाइतकं दाट ठेवा. व्हायटिंग जास्त पडली तर रेषा काळ्याऐवजी राखाडी उठतात, म्हणून आधी फळीच्या तुकड्यावर लावून बघा.

एका वेळी फूटभरच भाग घ्या. फडक्याने गोल गोल आणि आडवं दाबून लगदा आत भरा. दहा-पंधरा मिनिटांत ओली चमक गेली की गोणपाटाच्या तुकड्याने रेषांना आडवं पुसा. उभं पुसलं तर भरलेलं पुन्हा बाहेर ओढलं जातं. उशीर झाला आणि वरचा थर घट्ट झाला, तर फडक्याला किंचित टर्पेंटाइन लावा.

किमान तीन दिवस वाळू द्या, मग ६०० नंबरने वरचा काळपटपणा उतरवा. खाचा अजून खोल लागत असतील तर भरणीचा दुसरा हात. शेवटी जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं करून चोळा, पंधरा मिनिटांनी पूर्ण पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्याच पुसण्यात फडकं काळं झालं तर भरणी कच्ची आहे, थांबा. यातून खेळ सुधारत नाही, पण बाण ठसठशीत दिसले की क्यू दर वेळी एकाच बाजूने धरणं सोपं जातं.

प्रश्न : माझा क्यू मेपलचा आहे. हेच चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. मेपलची छिद्रं इतकी बारीक की भरायला काही नाहीच. काळा रंग दिला तर नुसते डाग पडतील. तेल द्या आणि सोडून द्या.

प्रश्न : ऑगस्टमध्ये जवसाचं तेल लावलं, दहा दिवस झाले तरी क्यू चिकट आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तेल जास्त झालं आणि पुसलं कमी. साताऱ्याच्या पावसात ते आणखी रेंगाळतं. साधं, न उकळलेलं असेल तर कैक दिवस. टर्पेंटाइनच्या फडक्याने चिकट थर उतरवा, क्यू घरात वाऱ्याला ठेवा आणि पुढचा हात ऊन पडल्यावरच द्या. उन्हात ठेवून वाळवू नका, शाफ्ट वाकू शकतो.

तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.