दीड वर्षाचं पोर पळतंय, फोटो कसा काढू?

प्रश्न: मी नाशिकला राहते. यंदा सेकंडहँड डीएसएलआर घेतलाय, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा), सोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८. आत्तापर्यंत फुलं आणि देवळं एवढंच काढलंय. आता मावसबहीण मागे लागलीये की डिसेंबरमध्ये आमचे सगळ्यांचे बाहेर कुठेतरी फोटो काढून दे. तिची मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, शिवाय सासू-सासरे येणार. प्रॅक्टिस म्हणून सोसायटीच्या बागेत भाच्याचे काढून बघितले तर निम्मे हललेले आणि बाकीच्यांत तो कॅमेऱ्याकडे बघतच नाही. सेटिंग काय ठेवू, कुठे नेऊ, किती वाजता नेऊ?

उत्तर: सेटिंग सांगतेच, पण त्याआधी बहिणीला फोन करून विचारा की धाकटा दुपारी किती ते किती झोपतो आणि उठल्यावर काय खातो. लहान मुलांच्या फोटोंचं अर्धं काम इथेच होतं. झोप अर्धवट झालेलं किंवा भुकेलेलं पोर घेऊन कितीही सुंदर उजेडात उभं राहिलात तरी रडकेच फोटो येणार आणि त्यात पोराचा काहीही दोष नाही. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे चार वाजेपर्यंत त्याची झोप झाली, पोटात काहीतरी गेलं आणि पावणेपाचला तुम्ही जागेवर पोचलात तर पाच ते सहा हा मऊ उजेड तुमच्या हातात आहे. उजेड सकाळीही छान असतो, पण डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत सकाळी सातला पोरांना बाहेर काढलं तर कानटोपी आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसेल, त्यामुळे मी संध्याकाळच घेईन.

जागा म्हटलं की गंगापूर धरणाचं बॅकवॉटर आधी आठवतं. मोठ्यांसाठी ठीक आहे हो, पण दीड वर्षाचं मूल पाण्याच्या काठाशी असलं की आईचं सगळं लक्ष तिकडे आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. त्यापेक्षा रिकामं मैदान, ओळखीच्यांचं शेत, रहदारी नसलेला आतला रस्ता, काहीही चालेल, मूल मोकळं सोडता आलं पाहिजे बस. द्राक्षबागेत न्यायचा विचार असेल तर बागायतदाराला आधी विचारून घ्या की फवारणी कधी झालीये, कारण त्या दिवसांत फवारण्या चालू असतात आणि हे वय हाताला लागेल ते तोंडात घालायचं.

आता सेटिंग. फोटो हलतात त्याचं कारण बहुतेक शटर स्पीड, म्हणजे शटर किती सेकंद उघडं राहतं ते. बसलेल्या माणसांना १/१२५ पुरतो, पळणाऱ्या पोराला १/५०० तरी लागतोच. मॅन्युअल मोड, शटर १/५००, अपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) एफ ४, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची वरची मर्यादा ३२०० करून ठेवा. थोडा ग्रेन, म्हणजे फोटोत बारीक दाणे, आला तर येऊ दे, ग्रेनवाला फोटो घरचे फ्रेम करून लावतात, हललेला कोणी लावत नाही. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलणाऱ्या पोरामागे तो सतत सरकत राहील, कॅननमध्ये एआय सर्वो आणि निकॉनमध्ये एएफ-सी. आणि ५० एमएम आहे म्हणून एफ १.८ वरच सगळं काढायचा मोह होईल, तो आवरा. तुमच्या कॅमेऱ्यावर दोन मीटरवरून एफ १.८ ला जेवढं शार्प येतं त्याची खोली जेमतेम १०-११ सेंटीमीटर असते, म्हणजे आईचा डोळा शार्प आला तर कडेवरच्या बाळाचा जाणार. एफ ४ ठेवून तीन मीटरवर गेलात की तीच खोली अर्ध्या मीटरच्या पुढे जाते, दोघं आरामात मावतात. सहाही जण एकत्र असतील तेव्हा किट लेन्स लावा, एफ ५.६, सगळ्यांना एकाच ओळीत घ्या, शटर १/२०० वर आणलात तरी चालेल.

हा सगळ्यांचा ग्रुप फोटो पहिल्या दहा मिनिटांतच उरकून टाका, आजी-आजोबांना खुर्च्या द्या, कारण मुलं तेव्हाच फ्रेश असतात आणि आजोबांनाही तासभर उभं राहायला लावणं बरं नाही. इथे एक गोष्ट हमखास होते. सगळे मिळून धाकट्याला "इकडे बघ, इकडे बघ, चिऊ बघ" करत राहतात, शेवटी तो बघतो आणि नेमक्या त्या क्षणी आई, बाबा, आजी तिघं त्याच्याकडे वाकून बघत असतात. म्हणून मोठ्यांना आधीच निक्षून सांगा की पोरांचं मी बघते, तुम्ही काही झालं तरी माझ्याकडेच बघत हसत राहा.

त्यानंतर कॅमेऱ्याकडे बघ म्हणणंच बंद करा. चार वर्षांच्या मुलीला सांगा, बाबांच्या कानात एक गुपित सांग. ती सांगताना एक, बाबा ऐकून हसतात तो दुसरा, आणि आपलं गुपित भारी निघालं म्हणून ती खूश होते तो तिसरा, तो सगळ्यात छान असतो, तोपर्यंत बोट शटरवरून काढू नका. धाकट्याला आईपासून दहा-बारा पावलांवर सोडा, आईला खाली बसून हात पसरायला सांगा, तुम्ही आईच्या शेजारी जमिनीवर बसा, तो पळत येईल तेव्हा बर्स्ट मारा, म्हणजे बटण दाबून ठेवून एकापाठोपाठ फोटो काढा. खाली बसणं महत्त्वाचं, उभं राहून काढलं की मुलांचं नुसतं डोकं मोठं दिसतं. अर्धा-पाऊण तास झाला, पोरं कंटाळली, की थांबा. अजून एकच म्हणून ओढत नेऊ नका.

प्रश्न: बागेत झाडाखाली फोटो काढले की चेहऱ्यावर पांढरे डाग पडतात आणि पोरांची हनुवटी हिरवट दिसते. एडिटिंगमध्ये जात नाही. कॅमेऱ्यात दोष आहे का? (कोल्हापूर)

उत्तर: कॅमेरा चांगला आहे, जागा बदला. पानांतून कवडसे पडतात ते डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत पण फोटोत नाकावर आणि कपाळावर जळालेले डाग होऊन येतात आणि जे जळालं ते रॉमध्येही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येही) परत मिळत नाही. झाडाच्या अगदी बुंध्याशी उभं करण्यापेक्षा सावली जिथे संपते तिथे, सावलीच्या आत दोन पावलं, चेहरा मोकळ्या आभाळाकडे असं उभं करा. कुठे उभं करायचं हे कळायला स्वतःचा तळहात समोर धरून हळूहळू गोल फिरा, ज्या दिशेला हात एकसारखा उजळ दिसतो, डाग नाहीत, तिकडे चेहरे वळवा. हिरवट रंग गवताचा. उन्हातल्या गवतावरून उजेड उसळून खालून हनुवटीवर येतो आणि बुटकी असल्यामुळे मुलांना तो जास्त लागतो. फिक्कट मातीची पायवाट किंवा फरशी असेल तिथे हलवा, किंवा गवतावर घरची पांढरी चादर अंथरून मुलांना तिच्यावर बसवा, बसायची सोय होते आणि चादर खालून पांढरा उजेड देते. कपड्यांचंही तेच, भडक पोपटी किंवा निऑन टीशर्ट घातला की तो रंग गळ्यावर दिसणार.

प्रश्न: ओळखीच्या कुटुंबाचे फोटो काढले, छान आलेत. माझ्या इन्स्टावर टाकले तर चालेल ना? आणि ३५० फोटो आहेत, सगळे देऊ का? (पुणे)

उत्तर: आई आणि बाबा दोघांनाही विचारा, कोणते फोटो ते दाखवून विचारा आणि होकार व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याला आवडलं नाही असं होतं. होकार असला तरी शाळेचा बॅज, सोसायटीची पाटी दिसत असेल किंवा कपडे काढलेलं बाळ असेल तर तो फोटो टाकू नका, लोकेशनही नको, या बाबतीत मी अजिबात मऊ नाही. मूल स्वतः नाही म्हणू शकत नाही, म्हणून आपणच जपायचं. साडेतीनशे अजिबात देऊ नका. तीस-चाळीस निवडा, त्यात प्रत्येकाचा निदान एक एकट्याचा आणि आईचा दोन्ही मुलांबरोबर एक हवाच, कारण घरात कायम तीच फोन धरून उभी असते. पाठवताना व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून पाठवलेत तर साइज कमी होते आणि मोठी प्रिंट खराब येते, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या.