एसएमपीएस घेताय? आधी एवढं बघा

ग्राफिक्स कार्डावर पस्तीस हजार आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, असं करू नका. मीही केलं होतं. एका पावसाळ्यात वीज गेली, आली आणि 'फट्ट' झालं; सोबत मदरबोर्डही गेला.

समजा तुमचं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० आहे; ते जेमतेम ११५ वॅट घेतं. प्रोसेसर रायझन ५ ५६०० असेल तर त्याचा टीडीपी (विजेच्या वापराचा ढोबळ आकडा) ६५ वॅट. बाकी सगळं धरूनही ३०० च्या आत. म्हणजे चांगला ५५० वॅटचा भरपूर झाला, दुकानदार ८५० म्हणाला तरी.

पण ५५० कसले, ते बाजूच्या लेबलवर पाहा. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२, म्हणजे त्या लाइनवर मिळणारे वॅट. चाळीसच्या पुढे अँपिअर असतील तर ठीक. खोक्यावर ५०० आणि १२ व्होल्टला जेमतेम १८ अँपिअर? म्हणजे २१६ वॅट! तो डबा तिथेच ठेवून या.

नवखे हमखास चुकतात ते असं:
- '८० प्लस' म्हणजे दर्जा समजतात. तो शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. वॉरंटी बघा, पाच वर्षं तरी हवी.
- जुन्या मॉड्युलर (केबल काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावतात. प्लग बसतो, पण पिनांची जोडणी वेगळी असू शकते. हार्ड डिस्क जळू शकते.
- घरच्या अर्थिंगकडे बघतच नाहीत. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा.

आणि हो, बंद पडला तरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, झटका बसू शकतो.

रिपल, सिंगल रेल वगैरे तांत्रिक बारकावे सध्या सोडा. बजेट सांगा, दोन-तीन मॉडेलं सुचवतो.