प्रवासात निसर्गात देव जाणवतो का, की ते मनाचे खेळ?

फिरताना निसर्गात देव असल्याचं खरंच जाणवतं का, की आपणच मनाची समजूत घालतो, असं तुम्ही विचारलंय. मला जाणवतं. पण सूर्यास्त, धुकं किंवा धबधबा बघून नाही. तिथे छान वाटतं, फोटो काढले जातात, गरम भजी खाल्ली जातात, एवढंच.

मी नाशिकचा. देवांची आमच्याकडे वानवा नाही, रामकुंडापासून सप्तशृंगीपर्यंत. तरी मला तो हमखास भेटतो त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगरावर, भर पावसात. या डोंगररांगेवर पडलेलं पाणी दोन दिशांना जातं. पश्चिमेकडे उतरलेलं वैतरणेला मिळून अरबी समुद्र गाठतं, आणि तो समुद्र इथून तसा जवळच. पूर्वेकडे उतरलेलं मात्र गोदावरी होतं आणि १४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. माथ्यावर दोन थेंबांत वीतभर अंतर असेल, वाऱ्याने एक इकडे पडला आणि एक तिकडे. समुद्र इतका जवळ असताना अख्खं पठार ओलांडून जायचं, हे त्या थेंबाने काही ठरवलेलं नसतं. हे डोक्यात आलं की अंगावर काटा येतो.

माझा एक मित्र म्हणतो, उतार आहे म्हणून पाणी वाहतं, त्यात देव कुठून आला? बरोबर आहे त्याचं. पण कारण कळल्यावर माझं आश्चर्य कमी होत नाही, उलट वाढतं. ब्रह्मगिरीच्या वाटेवर गंगाद्वार म्हणून जागा आहे, तिथे उन्हाळ्यात पाण्याची बारीकशी धार दिसते. डोंगरात मुरलेला पाऊस कातळातून झिरपत तिथे येतो, हे माहीत असूनही मी हात जोडतो.

जवळच्याच अंजनेरी डोंगरावर पावसाळ्यात कंदीलपुष्पाची एक जात फुलते, तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. कंदीलपुष्पांची गंमत अशी की वासाने बारीक माशी आत शिरते आणि नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते. फूल तिला खात नाही. पुढे केस सुकून गळतात आणि ती परागकण घेऊन मोकळी होते. गुडघे टेकून, नाक गवताला लागेपर्यंत वाकलं तरच हे फूल नीट दिसतं. देवळात मी इतका वाकत नाही, खरं सांगतो.

आता हे मनाचे खेळ असतील का? असतीलही. मला तो वाद जिंकायची गरज वाटत नाही.

तुम्हाला यायचंच असेल तर श्रावणातला तिसरा सोमवार सोडून या. त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या फेरीला अफाट गर्दी असते. (त्या गर्दीतच ज्यांना देव भेटतो त्यांनी मात्र चुकवू नये.) एरवी सकाळी लवकर निघा, पायऱ्या शेवाळलेल्या असतात तेव्हा चांगली पकड असलेले बूट घाला, माकडांपासून पिशवी सांभाळा. आणि अंजनेरीवर फूल दिसलं तर तोडू नका, ती जात फार थोडी उरली आहे.