बाईंना विचारा : तोबाजवळ खुर्ची ठेवा

बाई, नमस्कार. मी बर्मिंगहॅमला राहते. आमच्या भागातल्या सुदानी बायका कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन भरवताहेत. कपडे, भांडी, चित्रं, थोडं खाणंपिणं असं सगळं आहे. मंडळाच्या गणपतीची आरास मी करते म्हणून मांडणी माझ्या गळ्यात पडली आहे. सुदान म्हटलं की मला बातम्यांतलं युद्ध तेवढं आठवतं. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

गणपतीची आरास करणारीला मांडणी मी काय शिकवणार? फक्त थर्माकोल आणि ती लुकलुकणारी माळ घरी ठेवून जा.

माझी फजिती सांगते, त्यातून तुमचं निम्मं काम होईल. सांगलीत सत्तावीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवून मी मुलाकडे इंग्लंडात आले. इथे अशाच एका सुदानी प्रदर्शनात मी मदतीला गेले होते. कुणीतरी एक तोब आणून दिला. तोब म्हणजे सुदानी बायका अंगाभोवती घेतात ते लांब वस्त्र. मोरपंखी रंग, काठाला बारीक भरतकाम, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या नऊवारीच्या निम्मा. माझे हात आपोआप चालू लागले. पुतळ्याला निऱ्या घातल्या, पदर काढला, पिन मारली आणि खाली पाटी लावली : ‘सुदानी साडी’.

ज्यांचा तोब होता त्या बाईंना सगळे ‘खालतो’ म्हणायचे. खालतो म्हणजे मावशी. त्या आल्या, पुतळ्याकडे बघितलं आणि हसत हसत खुर्चीतच बसल्या. मग उठून त्यांनी माझं सगळं काम सोडवलं आणि तोब माझ्याच अंगावर चढवला. आत साधा झगा. नाडी नाही, निऱ्या नाहीत, खोचाखोची नाही. अंगाभोवती घ्यायचा, डोक्यावरून आणायचा आणि टोक खांद्यावर टाकायचं. मी म्हटलं, हा तर घसरतोय! त्या म्हणाल्या, घसरणारच, सारखा सावरायचा. ते सावरणं हीच त्याची ऐट. पुतळ्याला ते कुठून जमणार?

नंतर त्यांनी विचारलं, ‘पाटीवर याचं नाव का नाही लिहिलं?’ मला वाटलं, त्यांचं स्वतःचं नाव म्हणताहेत. पण त्या तोबाचं नाव विचारत होत्या! सुदानात तोबांच्या नव्या तऱ्हांना नावं पडतात. एखादी गाजलेली घटना, एखादं गाणं, राजकारणातली एखादी भानगड, कशावरूनही. एके काळी तर त्यांच्या राजधानीवरून ‘रात्रीचं खार्तूम’ नावाचाही तोब होता. आपल्याकडे मुनिया काठ, नारळी काठ, चंद्रकळा म्हणतात, पण वर्तमानपत्रातल्या मथळ्यावरून लुगड्याचं बारसं काही आपण केलं नाही. बायकांना जुन्या तोबांवरून साल सांगता येतं : हा अमक्याच्या लग्नाचा, तेव्हा तमकं सरकार होतं.

तेव्हा पहिलं काम हे : प्रत्येक वस्तू घेताना ती देणाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. वस्तूला त्यांच्या घरात काय म्हणतात ते त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या आणि पाटीवर तेच मोठ्या अक्षरात टाका. ‘पारंपरिक पोशाख’, ‘आफ्रिकी भांडे’ असलं काही लिहू नका. आणि तोबाजवळ एक खुर्ची ठेवा, त्यावर तोबाची मालकीण बसू दे. लोक पाटी वाचून पुढे सरकतात, खुर्चीतल्या बाईशी मात्र दोन शब्द बोलतातच.

दुसरं, धूर! जबना, म्हणजे त्यांची कॉफी, होणारच. होऊ द्याच, कारण हॉलमधली सगळ्यात जिवंत गोष्ट तीच असेल. हिरव्या बिया समोर भाजायच्या, भाजताना येणारा वास पाहुण्यांकडे हाताने वारायचा, सुंठ घालून कुटायच्या. मग लांब मानेच्या मातीच्या भांड्यात उकळायची. त्या भांड्याचं नावही जबनाच. तोंडाशी काथ्याचा बोळा गाळणी म्हणून कोंबतात. इवल्याशा बिनकानाच्या कपात भरपूर साखर. आणि शेजारी बखूर : चंदनाच्या ढलप्या साखरेच्या पाकात आणि अत्तरात मुरवलेल्या, निखाऱ्यावर टाकायच्या. आम्ही टाकल्या. चौथ्या मिनिटाला हॉलचा फायर अलार्म वाजला आणि दीडेकशे माणसं पावसात उभी राहिली. खालतो मात्र कपांची थाळी घेऊन बाहेर आल्या आणि भर पावसात कॉफी वाटली. तुम्ही विजेची धूपदाणी आणि विजेची शेगडी आणा, आणि हॉलवाल्यांना आधी विचारून ठेवा.

खाण्याच्या टेबलाशी तुम्हाला माहेरी आल्यासारखं वाटेल. किसरा म्हणजे ज्वारीचं आंबवलेलं पीठ तव्यावर पातळ पसरून केलेलं, आपल्या घावनाची चुलत बहीण. असीदा ही ज्वारीच्या उकडीसारखी. लाल करकदे सरबत कशाचं, तर लाल अंबाडीच्या बोंडांचं. आणि रमजानातलं हिलू-मुर, शब्दशः ‘गोड-कडू’ : मोड आणलेल्या ज्वारीचं पीठ मसाले घालून आंबवायचं, त्याचे कागदासारखे पापुद्रे भाजून ठेवायचे आणि उपास सोडताना पाण्यात भिजवून प्यायचे. हे साम्य बघून मीही हरखले होते. पण ‘अगदी आपल्यासारखंच!’ हे वाक्य दिवसातून एकदाच म्हणायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. ज्वारी मुळात त्यांच्याच भागातून जगभर गेली. आपणच त्यांच्यासारखे.

*

बाई, मी कोल्हापुरात चित्रकलेचं शिक्षण घेतो. सुदानी चित्रकारांची चित्रं फोनवर पाहिली. त्यात अरबी अक्षरं दिसतात, पण ओळखीच्यांनाही ती वाचता येत नाहीत. मग बघायचं काय?

अरे, वाचता येत नाहीत तेच बरं! इब्राहिम अल-सलाही या नावापासून सुरुवात कर. जन्म १९३०, गाव ओमदुर्मान. वडिलांची कुराणाची शाळा होती, तिथल्या लाकडी पाट्यांवर नक्षी काढत हात वळला. १९५४ ला लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेले, १९५७ ला परत आले आणि खार्तूमच्या ग्रँड हॉटेलात ऐटीत प्रदर्शन लावलं. पहिल्या दिवशी लोक आले, नंतर कुणी फिरकेना. तुझ्यामाझ्यासारखा असता तर लोकांना नावं ठेवत बसला असता. हा माणूस देशभर हिंडला आणि लोकांच्या घरात काय टांगलेलं असतं ते बघत राहिला. मग चित्राच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी अरबी अक्षरं लिहू लागला. लोक जरा जवळ आले. अक्षरं चित्रभर पसरली. शेवटी त्यांनी अक्षरच फोडलं, आणि त्या तुकड्यांतून पक्षी, जनावरं, लांबुडके चेहरे बाहेर आले. तुला दिसतं ते हे. एखाद्या वळणावर बोट ठेव आणि ते चोच कुठे होतं ते शोध.

१९७५ साली त्यांना खटल्याशिवाय सहा महिने कोबर तुरुंगात ठेवलं. चित्र काढायला बंदी. हाताला लागेल त्या कागदाच्या कपट्यावर काढायचे आणि वाळूत पुरून ठेवायचे. पुढे ते ऑक्सफर्डला स्थायिक झाले आणि २०१३ ला लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. म्हातारपणी पाठ धरली, तर औषधांची रिकामी खोकी उलगडून त्यांच्या आतल्या बाजूला पेनाने काढत बसले. तू कॅनव्हास महाग झाल्याची तक्रार करत असशील, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कमला इब्राहिम इशाक यांचीही चित्रं बघ. त्यांनी ‘झार’ बघितला, अभ्यासला. झार म्हणजे बायकांच्या अंगात येण्याचा विधी. ढोल, धूप, घुमणं. आपल्याकडच्यांना वेगळं समजावायला नको. त्यांच्या चित्रांतल्या बायकांचे चेहरे जाड काचेतून बघावं तसे ताणलेले, वाकडे. २०२२ ला लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत ती चित्रं लागली होती. फोनवर बघून समाधान मानू नकोस, छापलेलं मिळालं तर घे.

*

तिथे सुदानात माणसं मरताहेत आणि इथे हे सुदानी लोक नाचगाणी आणि कॉफीचे कार्यक्रम करतात. शोभतं का हे?
– एक स्पष्टवक्ते, नाशिक

स्पष्टवक्तेपणा पावला. १५ एप्रिल २०२३ ला सैन्य आणि निमलष्करी दलात युद्ध पेटलं. एक कोटीहून जास्त माणसांना घरदार सोडावं लागलं. खार्तूमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. आता सांगा, जिथे वस्तू ठेवायच्या ती जागाच उरली नाही, तर त्या कुठे ठेवायच्या? खालतोंच्या बहिणीने घर सोडताना कागदपत्रं, सोनं आणि आईची जबना घेतली. मातीची जबना! वाटेत तिचा कान फुटला. तो फुटका कान आम्ही टेबलावर शेजारीच ठेवला होता, चिकटवू दिला नाही.

आणि नाचगाण्याचं म्हणाल, तर २०१९ च्या आंदोलनात गाडीच्या टपावर उभ्या राहून घोषणा देणाऱ्या एका पांढऱ्या तोबातल्या तरुणीचा फोटो जगभर गेला होता. ती घोषणा देत होती म्हणजे काव्य म्हणत होती, आणि खाली जमाव तिला साथ देत होता. दुःखात गाऊ नये हा नियम त्यांच्याकडे नसावा. आपल्याकडेही तो कुठे होता? जात्यावर आपल्या आज्या काय गायच्या ते आठवा.

*

पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएत ‘सुदान ब्लॉक’ आहे. हे नाव कसं?
– एक वाचक, पुणे

दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मारकासाठी सुदान सरकारने १९४१ साली एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सत्तर हजार आले, त्यातून ही इमारत उभी राहिली. उद्‌घाटन ३० मे १९५९ ला सुदानच्या राजदूतांनी केलं. त्या मोहिमेतली इरिट्रियातल्या केरेनची लढाई मराठा लाइट इन्फंट्रीही लढली होती. बर्मिंगहॅमच्या ताईंनी हॉलमध्ये या इमारतीचा एक फोटो लावायला हरकत नाही. पण दाराजवळ लावा, तोबाशेजारी नको.