थ्रिलरमध्ये भरताड गाणी आहेत का?

बिली जीन, बीट इट आणि टायटल साँग सोडलं तर मायकेल जॅक्सनच्या थ्रिलर अल्बममध्ये बाकी सगळं भरताड आहे का, असं विचारलंयत. नाही हो! नऊ गाण्यांपैकी सात सिंगल म्हणून, म्हणजे सुटी गाणी म्हणून वेगळी निघाली आणि सातही अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेली, म्हणजे भरताड शोधायचंच तर उरलेल्या दोनात शोधा.

त्यातलं बेबी बी माइन गोड आहे, दुसऱ्या दिवशी आठवत नाही, जाऊ दे. पण शेवटचं लेडी इन माय लाइफ घाईत ऐकू नका, टायटल साँग लिहिणाऱ्या रॉड टेम्परटनचंच आहे ते. तबकडीच्या एका बाजूला जास्त मिनिटं कोंबली की खाचा बारीक होतात आणि आवाज मरतो, म्हणून १९८२ मध्ये ऐन रिलीजच्या तोंडावर गाणी छाटत बसले होते, त्यात याचं एक कडवं उडालं. तरीपण शेवटी शेवटी मायकेल जो मोकळा सुटतो ना, तेवढ्यासाठी मी कॅसेटची बी साईड संपेपर्यंत जागा राहायचो.

माझं लाडकं विचाराल तर ह्यूमन नेचर. टोटो बँडच्या स्टीव्ह पोर्कारोची मुलगी शाळेतून रडत आली, कुणा पोरानं ढकललं म्हणून, आणि का का विचारत बसली, त्यावरून त्याला हे सुचलं. बँडमधल्याच डेव्हिड पेचनं अल्बमचा निर्माता क्विन्सी जोन्सला आपल्या गाण्यांची कॅसेट दिली होती, तिच्यात शेवटी हे पडून होतं, टेप चालूच राहिली आणि क्विन्सीच्या कानावर पडलं. नंतर १९८५ मध्ये जॅझवाल्या माइल्स डेव्हिसनं ट्रम्पेटवर वाजवलंय, तेही ऐका, शब्द नसताना चाल किती भक्कम आहे ते कळतं.

बिली जीनबद्दल नवीन काय सांगणार. फक्त सुरुवातीचे ड्रम आणि बास हेडफोन लावून ऐका. ती सुरुवात लांबते म्हणून क्विन्सीला कापायची होती, मायकेल म्हणाला यावरच तर मला नाचावंसं वाटतं. साउंड इंजिनिअर ब्रूस स्वीडीननं वाद्यं आणि आवाज कमीजास्त करून गाण्याचे ९१ मिक्स केले आणि घेतला कुठला, तर दुसरा! (आमच्या ऑफिसात प्रेझेंटेशनचं सेम हेच होतं.)

बीट इटमधला एडी व्हॅन हेलनचा गिटार सोलो फुकटात वाजवलेला आहे, बस.

वॉना बी स्टार्टिन समथिंगच्या शेवटचा तो मामासे मामासा हा घोष कॅमेरूनच्या मनू दिबांगोच्या १९७२ च्या गाण्यावरून उचललाय, न विचारता, प्रकरण नंतर पैसे देऊन मिटवावं लागलं. ते कळल्यापासून थोडं खटकतं, पण पाय थांबत नाहीत त्याला काय करणार.

राहता राहिलं द गर्ल इज माइन. मायकेल आणि बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी, दोन बाप्ये एका पोरीवरून इतक्या लाडिकपणे भांडतात की मी आजही पुढे ढकलतो. मॅकार्टनीचे फॅन आता धावून येतीलच, या.