कॉम्प्युटरच्या सीपीयूचा पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. काय करावं?

तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीवर आहे. पण त्याआधी मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र पाठवणारं कार्ड) असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची, मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डच्या) पोर्टला नाही. (हसू नका, मी स्वतः यात अर्धा दिवस घालवलाय.)

केबल ठीक असेल तर मागचा प्लग काढा आणि पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. बाजूचं झाकण उघडा, एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या आणि मग रॅमच्या पट्ट्या काढा. त्यांच्या सोनेरी कडेवरून साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि दोन्हीकडून 'टक' आवाज येईपर्यंत पट्टी दाबून बसवा. दमट हवेत या कडांवर थर धरतो आणि संपर्क तुटतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, खराब कोणती ते लगेच कळेल.

तरीही काही नाही? प्लग पुन्हा काढून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, बहुतेक वेळा सीआर २०३२, पाच मिनिटं काढून परत लावा. बायोसची (कॉम्प्युटर सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग मूळपदावर येते. हल्ली तारीख-वेळ सारखी चुकत असेल तर सेल नवाच टाका, स्वस्त असतो.

चालू करताना बीप ऐकू येतात का? किती, लांब की तोकडे, ते मदरबोर्डच्या मॉडेलसकट लिहा. आणि पॉवर सप्लायचा डबा मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धोकादायक व्होल्टेज राहतं.