रिक्वायरमेंट सापडते रजिस्टरच्या समासात

प्रश्न: आम्ही चौघं शेवटच्या वर्षाला आहोत. लॅबमधली उपकरणं कोण नेतं, कधी परत करतं याचं ॲप करायचं ठरलंय. प्रोजेक्टचा सिनॉप्सिस (थोडक्यात आराखडा) दिला तर मॅडमनी वर लाल पेननी लिहून परत केला, 'रिसर्च कुठाय? या रिक्वायरमेंट कुणाच्या?' आम्ही गूगल फॉर्म फिरवला होता की, साठेक जणांनी भरला आणि जवळपास सगळ्यांनी ॲप हवं म्हटलं. लॉगिन पेजपण झालंय. अजून काय रिसर्च करायचा?

लॉगिन पेजच सगळ्यात आधी का होतं हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, असो. मॅडमचं बरोबर आहे. रिक्वायरमेंट म्हणजे सॉफ्टवेअरकडून कुणाला नेमकं काय हवंय ते. तुम्ही विचारलंत 'असं ॲप आलं तर वापराल का', आता याला नाही कोण म्हणणार, भरणाऱ्याचं काय जातंय, एक टिकच तर करायचीय. त्यातून एवढंच कळलं की तुमचे मित्र चांगले आहेत.

आता एक करा, लॅपटॉप न घेता एक अख्खी दुपार लॅबमध्ये जाऊन बसा, प्रॅक्टिकल सुटायची वेळ तर अजिबात चुकवू नका, आणि ते देवघेवीचं रजिस्टर मागून घेऊन मागची वीसपंचवीस पानं चाळा. रकाने बघू नका, तारीख नाव वस्तू सही हे सगळ्यांनाच माहितीय. समासात काय लिहिलंय ते बघा. 'प्रोब एकच आला', 'सरांना विचारून दिला', 'नाव याचं, नेला त्यानं', मध्येच खाडाखोड, दोन नोंदींना जोडणारा बाण. जे रकान्यात मावलं नाही ते समासात गेलं ना, मग तुम्ही नुसते रकाने उचलून स्क्रीनवर ठेवलेत तर ते सगळं जाणार कुठं? संच अर्धाच परत आला तर 'परत' धरायचा का, परस्पर दुसऱ्याच्या हातात गेलेल्या वस्तूची जबाबदारी कुणाची, एकच ऑसिलोस्कोप आणि मागणारे दोन ग्रुप, तर आधी कुणाला? या झाल्या रिक्वायरमेंट, आणि कुणाच्या म्हणाल तर त्या खुर्चीवर बसणाऱ्या लॅब असिस्टंटच्या.

एखाद्या ठिकाणी नोंदी पेन्सिलीनं केलेल्या दिसतील, वस्तू आली की खोडायच्या. बघायला साधी सवय, पण त्याचा अर्थ जुना इतिहास उरतच नाही, म्हणजे मीटर नेमका कुणाच्या हातात बिघडला हे कुणीच सांगू शकत नाही. फॉर्ममध्ये हे एकानंही लिहिलं नसतं, कारण त्यांच्या दृष्टीनं ती अडचणच नाहीये, रोजचंच आहे.

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. नोकरीला नवीन होतो तेव्हा एका ठिकाणच्या स्टोअरसाठी सॉफ्टवेअर केलं, साहेबांबरोबर तीन मीटिंगा, सगळं त्यांच्याकडून लिहून घेतलं, आणि खिडकीवर बसून जो सामान द्यायचा त्याला एकदाही भेटलो नाही. चालू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघतो तर तो दिवसभर वहीतच लिहितोय आणि संध्याकाळी बसून सगळं कॉम्प्युटरमध्ये भरतोय, कारण माझ्या स्क्रीनवर एका नोंदीला अकरा क्लिक आणि समोर ही रांग. काम कमी करायला गेलो आणि दुप्पट करून आलो.

तेव्हा बोलताना 'ॲपमध्ये काय काय हवं' असं विचारू नका, लोक मेसेज, अंगठा, ग्राफ, रिपोर्ट सगळं सांगतील आणि तुम्ही लिहून घ्याल. 'मागच्या वेळी वस्तू हरवली तेव्हा काय केलंत' असं विचारा. घडलेलं सांगताना माणूस फारसं सजवत नाही. पाचसहा जणांशी नीट बोललात, त्यात असिस्टंट, शिकवणारे, नेणारे सगळे आले, तर त्या साठ टिकांपेक्षा जास्त हाती लागेल.

आणि हो, आधीपासून असलेली सॉफ्टवेअर बघायची राहिलीच असतील. ओपन सोर्समध्ये ऑफिसातल्या वस्तूंसाठी स्नाइप-आयटी आहे, लायब्ररीसाठी कोहा आहे, न्यूझीलंडच्या एका लायब्ररीत २००० साली सुरू झालेलं. तुमचं काम शेवटी पुस्तकाच्या देवघेवीसारखंच, म्हणून रिझर्व्हेशन, मुदतवाढ, उशीर या गोष्टी कोहानं कशा बसवल्यात ते बघून ठेवा. मग तुमच्या लॅबला यातलं काय पुरत नाही ते लिहा, सिनॉप्सिसमधलं 'एक्झिस्टिंग सिस्टिम' म्हणजे तेच.

प्रश्न: एसआरएसमध्ये (रिक्वायरमेंट लिहायचा दस्तऐवज) नॉन-फंक्शनलखाली, म्हणजे सिस्टिम काय करते यापेक्षा कशी चालावी त्यात, 'सिस्टिम फास्ट, सिक्युअर आणि यूजर फ्रेंडली असावी' असं लिहिलं होतं, तेवढ्यावर मार्क कापले. यात चुकीचं काय आहे?

चुकीचं काहीच नाही, पण तपासणार कसं? स्लो आणि कटकटीची हवी असं कुणी म्हणतं का? जे वाक्य उलटं केल्यावर हास्यास्पद वाटतं ते काढून टाका. त्याऐवजी असं लिहा, '५०० वस्तूंची नोंद असताना, लॅबच्या वायफायवर, सर्चचा निकाल २ सेकंदांत दिसावा'. आकडा कुठून आणायचा असं वाटत असेल तर ढोबळ अंदाज बरेच वर्षं वापरात आहेत, ०.१ सेकंदात झालं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची लय तुटत नाही, १० च्या पुढं गेलं की माणूस दुसऱ्याच कामाला लागतो. यूजर फ्रेंडलीचंही तसंच, 'आधी न पाहिलेल्या ५ पैकी ४ जणांना कुणालाही न विचारता १ मिनिटात वस्तू परत केल्याची नोंद जमावी'. स्टॉपवॉच घेऊन बसलं की उत्तर हो किंवा नाही येतं. सिक्युअरचं म्हणाल तर कोण काय बघू शकतं आणि कोण काय बदलू शकतं याचा तक्ता करा, तेवढं पुष्कळ झालं.

प्रश्न: सीनियरचा एसआरएस मिळालाय, विषय बराचसा सारखा आहे. थोडं बदलून दिला तर चालेल का?

व्हायवात पकडले जाल ती गोष्ट वेगळी, मला भीती दुसरीच वाटते. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, निघून ४० सेकंद व्हायच्या आत फुटलं. त्यात दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ मधून घेतलेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये बसवताना मावेना, यंत्रणा बंद पडली. आणि कळस म्हणजे सॉफ्टवेअरच्या ज्या भागात हे झालं त्याचं उड्डाण झाल्यावर या रॉकेटला काही कामच नव्हतं, जुन्या रॉकेटची गरज होती म्हणून ते चालू राहिलेलं. कोड जुन्या रॉकेटला चांगला चालत होता, नव्याची गरज वेगळी होती आणि ती कुणी तपासली नाही.

फॉरमॅट खुशाल घ्या. फक्त कॉलेजांत फिरणारा फॉरमॅट बहुतेक वेळा १९९८ च्या आयईईई ८३० चा (आयईईई ही इंजिनिअरांची संस्था, ८३० हा तिच्या एसआरएसच्या स्टँडर्डचा नंबर) असतो, त्याची जागा २०११ मध्ये २९१४८ या स्टँडर्डनं घेतलीय आणि त्याचीही २०१८ ला नवी आवृत्ती आली. गाइडना जुनाच हवा असेल तर जुना द्या, हेडिंगवरून वाद घालू नका. आतला मजकूर मात्र स्वतःचा पाहिजे, आणि प्रत्येक रिक्वायरमेंटपुढं ती कुणाकडून आणि कधी कळली तेवढं लिहा. सीनियरच्या फाइलमधून आलेल्या ओळीपुढं लिहायला काही सुचणारच नाही, ती ओळ काढा.

प्रश्न: कोडिंग निम्मं झाल्यावर रिक्वायरमेंट बदलल्या तर?

बदलणारच. तारीख, काय बदललं, कुणी सांगितलं, त्यामुळं कुठल्या स्क्रीनला हात लावावा लागला, एवढी एक शीट ठेवा. आणि 'या वेळी करणार नाही' अशी यादी पहिल्याच दिवशी करून गाइडची सही घ्या, नाहीतर फायनल डेमोला 'मोबाइल ॲप कुठाय' असं विचारतात आणि चौघं एकमेकांकडं बघत बसतात.

पहिल्या ग्रुपसाठी जाता जाता, ते लॉगिन पेज फेकू नका. पण लॅबमध्ये जाल तेव्हा आधी बघा, असिस्टंटच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे का, आणि वस्तू देताना त्यांचा एक तरी हात मोकळा असतो का. नसेल तर पासवर्ड कुठल्या हातानं टाकणार?